राखेनं घासलेली वाटी

सोनाळ्याच्या शिवारात जानराव महाराजांच्या पत्र्याच्या शेडसमोर दर गुरुवारी वाट्यांची रांग लागायची. माणसं मागे, वाट्या पुढे. प्रत्येकाने आपल्या घरची स्टीलची वाटी आणायची, ती घरच्याच चुलीच्या राखेनं घासायची, पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्यानं नुसती पुसायची, असा महाराजांचा नेम. पाणी लागलं की म्हणे घरातली खूण धुऊन जाते. वा रे खूण!

मग महाराज बाटली काढत. धुळीनं माखलेली, बुचावर लाख चढवलेली. सातपुड्यातल्या भुयारात शंभर वर्षं पुरलेलं हे द्राक्षतीर्थ आहे, असं ते सांगत. "दूध एका दिवसात नासते. माणूस मेला का तोही नासते. हे शंभर वर्षांत नाई नासलं. काऊन? याच्यात देव बसला हाये." असं म्हणून ते चमचाभर लाल तीर्थ वाटीत सोडत. काही वाट्यांत ते लालच राही. काहींत बघता बघता हिरवं-काळं पडे, आणि त्या घरात बाधा आहे असं ठरे. मग महाराज चिमूटभर पांढरी विभूती टाकत, तीर्थ पुन्हा लाल होई आणि शेडमध्ये जयजयकार उठे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही तोंडात बोट घातलं, खोटं कशाला बोलू.

माझ्या सातवीच्या वर्गात पूनम होती. इंद्रभान आणि रुख्मिणीची एकुलती एक. त्यांचा भाजीचा मळा. पोरीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ सुई. पोर स्वतःच पोटाला टोचून घ्यायची आणि वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायची. ती सुई रुख्मिणीला मात्र रोज आपल्याच काळजात शिरल्यासारखी वाटायची. आईच ती. एका गुरुवारी ती वाटी घेऊन गेली. तिच्या वाटीतलं तीर्थ इतकं गर्द हिरवं झालं की शेजारच्या बाया मागे सरकल्या. महाराजांनी विभूती टाकून ते लाल करून दाखवलं आणि बजावलं, "बाधा म्या बांधली. आता पोरीले सुई टोचशीन, तं त्या बाधेलेच चारशीन."

सुया बंद झाल्या. पूनम शाळेत आली नाही, तेव्हा मी घरी गेलो. पोर खाटेवर पडून पुन्हा पुन्हा पाणी मागत होती. मी रुख्मिणीला विनवलं, मग रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, वाटी माही. राख माह्या चुलीची. बाबानं वाटीले हात नाई लावला. मंग रंग कसा बदलला, सांगा."

आधी सुई दे, रंगाचं मग बघू, एवढंच म्हणत राहिलो. इंद्रभान मान खाली घालून बसला होता. मी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना पाठवलं, त्यांनाही दारातून परत लावलं.

मी शेडवर जाऊन हात जोडले आणि घरच्या माणसासाठी म्हणून थोडं तीर्थ मागून आणलं. वास घेतला. साधी लाल वाइन. धुतलेल्या पेल्यात ओतली, लालच राहिली. मग तो नेम आठवला आणि चिमूटभर राख टाकली. हिरवी. लिंबू पिळलं. लाल. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, तशातलाच हा प्रकार. राखेत क्षार असतो, त्यानं वाइनचा रंग पालटतो. आंबट काही पडलं की तो परत येतो. ती विभूती म्हणजे निंबूसत, किराणा दुकानात मिळणारी आंबट पांढरी पूड होती. वाटी जितकी राखेनं माखलेली, तितकी बाधा मोठी.

तसाच पळत गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं की पहाटे पोरीला धाप लागली, शुद्ध गेली, गाडी करून खामगावला नेली. दवाखाना यायच्या आधीच पूनम गेली होती.

पुढच्या गुरुवारी शेडसमोर पुन्हा वाट्या होत्याच. महाराज सांगत होते की आईची श्रद्धा कमी पडली. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी धुतलेल्या वाटीत तीर्थ ओतायला लावलं, मग राख टाकली, मग लिंबू पिळलं. त्यांच्या बाटलीचंही सांगितलं. लाल वाइन फार जुनी झाली की विटकरी पडते, तळाशी गाळ धरते. बूच उघडून ठेवली तर थोड्या दिवसांत आंबते. घरी ठेवलेली उरलेली वाइन मी सोबत आणली होती, ती लोकांना हुंगायला दिली. तिला शिरक्याचा वास सुटला होता. मग महाराजांची बाटली दर गुरुवारी उघडून ताजी कशी? कोणीतरी शेडमागे जाऊन बघितलं, तर दुकानातल्या नव्या वाइनच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग निघाला. मी बोलावलेल्या पोलिसांनी महाराजांना नेलं तेव्हा काही लोक त्यांच्या पाया पडतच होते.

गर्दी पांगल्यावर इंद्रभानसोबत मागे उभी असलेली रुख्मिणी पुढे आली. "ज्या बायांनी वरवर घासली, त्यायची लालच राह्यली?"

मी हो म्हणालो.

"म्या लय राख लावली होती, सर. पोरीसाठी म्हून." ती खाली बसली. इंद्रभानला तिला उठवता येईना.

तिनं रंग बदलताना पाहिला, ते खरंच होतं. त्याचा अर्थ सांगणारा खोटा होता. म्हणून हात जोडून सांगतो, असं काही दिसलं तर आधी वाटी धुऊन पुन्हा करून बघा. कुणी औषध बंद करायला सांगितलं तर त्याला दारातूनच परत लावा आणि डॉक्टरला विचारा. रंग कसा बदलला याचं उत्तर मला थोडं उशिरा सापडलं. तेवढा उशीर चालला असता, पूनमची सुई तेवढी चालू असायला हवी होती.