भिंतीपलीकडचा जावई

माझी वहिनी नाकित्तो सकाळी चहा नंतर घेते, आधी लुतायाशी भांडते, हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. लुतायाची मसाका शहरात खाणावळ. उजाडलं की त्याची मोटारसायकल फटफट करत वहिनीच्या परसात यायची, कारण तिच्याइतकी कोवळी नकाटीची पालेभाजी आणि तिच्यासारखी छोटी कडू वांगी आसपास कुणाकडे मिळत नव्हती. स्वयंपाकघरामागचा एवढासा तुकडा तो. माझा भाऊ गेला तेव्हा तिथे नुसता उकिरडा होता. वहिनीने शेळीच्या लेंड्या घातल्या, भांडी धुतलेलं पाणी सोडलं, किडीवर चुलीतली राख मारली, आणि त्या परसावर थोरल्या लेकीचं, नाबुकेराचं शिक्षण काढलं. आता धाकटीची शाळा चालली होती.

"काकी, याला जुडी म्हणायचं? चार काड्या बांधल्यात नुसत्या! देवाला तरी घाबरा!" लुताया ओरडायचा.

"मग हात लावू नकोस! तुझ्या खाणावळीतल्या रश्श्यात शेंगदाणा शोधायला चष्मा लागतो, आणि मला अक्कल शिकवतोस?"

तो पैसे टाकून, पाय आपटत निघायचा. वहिनी मग दिवसभर खुशीत. "वन्सं, आज मेल्याला चांगला वाकवला," असं मला कुंपणावरून सांगायची.

या गदारोळात शेजारी बसून केळीच्या सोपटाने जुड्या बांधायची आमची नाबुकेरा. तिचं नि लुतायाचं कधी जुळलं, वहिनीला पत्ताही लागला नाही. मला लागला. आत्या असते कशाला? आमच्यात पोरीचं लग्न आत्यानेच जमवायचं असतं. मी पदर खोचून उभी राहिले, अगदी झोकात सोहळा करून घेतला. लुतायाने सासूला सणासुदीला घालायचा झगा, नवीकोरी गोमेसी आणली, बायकांनी आरोळ्या ठोकल्या, मी म्हातारी नाचून नाचून गुडघे धरून बसले.

एवढी मी शहाणी, पण एक गोष्ट माझ्या टाळक्यात आलीच नाही. आमच्यात जावयाने सासूचं तोंड बघायचं नसतं. वाटेत समोरासमोर आले तर एकाने सरळ केळीत शिरायचं. हातातून हातात काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. नाहीतर हात थरथर कापण्याचा रोग जडतो म्हणतात. आणि मी काय केलं? वहिनीच्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकालाच तिचा जावई करून ठेवलं!

सोहळ्यानंतर पहिल्याच सकाळी मोटारसायकल वाजली, आणि वहिनी सवयीने जुड्या घेऊन थेट बाहेर आली. लुताया किंचाळला, उलटा फिरला आणि टोमॅटोच्या वाफ्यात आडवा झाला. वहिनी जुड्या टाकून आत पळाली. मोटारसायकल एकटीच उताराने निघाली, ती मी धरली.

मग असं ठरलं की वहिनी स्वयंपाकघरात बसणार, जावई भिंतीपलीकडे पाठ करून बसणार, आणि कोपऱ्यावर मी. ती बोलेल ते मी त्याला सांगायचं, तो बोलेल ते तिला.

"वन्सं, सांगा त्यांना, भाव दुप्पट झालाय," वहिनी आतून म्हणाली. आवाजात मजा होती. भांडायला कंबर कसूनच बसली होती ती.

मी सांगितलं. पलीकडून मऊ आवाज आला, "सासूबाई म्हणतील तसं."

पैसे दिलेच, वर साखरेची पिशवी आणि साबण ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी वहिनीने मुद्दाम किडीने चाळण केलेली पानं बांधली. तो म्हणाला, "सासूबाईंच्या हातची भाजी म्हणजे सोनं."

तो गेल्यावर वहिनी चुलीपुढे बसली. "वन्सं, हा मला भीक घालतोय."

"अगं, मान देतोय तो."

"मान? किडक्या पाल्याचे दुप्पट पैसे, याला मान म्हणतात? उद्या लोक म्हणतील, नाकित्तो लेकीच्या नवऱ्याच्या जिवावर जगते. मी भाजी विकते, वन्सं. माझी भाजी चांगली म्हणून लोक घेतात. निदान आजवर घेत होते." आणि ती रडायला लागली. भाऊ गेला तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भाजी नाही. "सांगा, संपली." रोज तेच. बाजारातल्या दलालाने पडत्या भावात मागितली, त्याला तिने हाकलून दिलं. परसात नकाटी जून होऊन तिला फुलं यायला लागली, वांगी पिकून लाल पडली, आणि धाकटीच्या फीची तारीख तोंडावर आली. तिला शाळेतून घरी पाठवतील या विचाराने मला झोप लागेना. लग्न मीच जमवलं होतं ना!

शेवटी उठले आणि त्याच्या खाणावळीत गेले. "काय रे, मान देतोस की सूड उगवतोस? सासूचा धंदा बसवलास!"

लुताया हातातलं ताट ठेवून खालीच बसला. "आत्या, माझी आई मी रांगत असतानाच गेली. माझ्यावर ओरडणारं जगात ते एकच माणूस होतं. आता त्यांच्याकडे बघायचंही नाही. म्हटलं, निदान मानात तरी कमी पडू नये."

नाबुकेरा दारात उभी होती. "जेवतही नाहीत नीट, आत्या. सकाळी उठून नुसती मोटारसायकल पुसत बसतात."

मला भरून आलं. पण आत्याने रडून कसं चालेल? मी त्याच्या डोक्यात टपली मारली. "गाढवा! बघायचं नाही एवढंच ठरलंय. भांडायचं नाही असं कुणी सांगितलं तुला?"

दुसऱ्या सकाळी मी फुलावर आलेल्या नकाटीची एक जुडी स्वतःच कापून भिंतीपलीकडे ठेवली. लुताया पाठ करून बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आत्या, विचारा सासूबाईंना, ही भाजी आहे की अंगण झाडायचा खराटा?"

मी भिंतीला कान लावला. 

मग पातेलं आदळल्याचा आवाज आला. "खराटा? वन्सं, सांगा त्या माणसाला... अरे, फुललीय ती तुझ्यामुळेच, मेल्या! सोनं म्हणे, सोनं! डोळे फुटले होते का तुझे?"

"किडकी भाजी दुप्पट भावाने गळ्यात मारता, आणि वर मलाच बोलता?"

"तू देत होतास म्हणून मारली! घ्यायची तर घे, नाहीतर चालू लाग!"

"या भावात? यात तर मी शेळी घेईन!"

मी मध्ये सांगायला तोंड उघडलं, तर दोन्हीकडून एकदम ओरडा आला, "तुम्ही थांबा हो!"

थांबले. सूर्य केळींच्या वर आला तरी त्यांचं चाललंच होतं. शेवटी त्याने तिला भावात बरंच खाली आणलं आणि वांगी-टोमॅटोसकट परसातला सगळा तयार माल घेतला. धाकटीच्या फीची सोय झाली. मी पैसे आत नेऊन दिले, तर वहिनी डोळे पुशीत जुड्या बांधत होती.

"लुबाडलं मला मेल्याने," ती म्हणाली, आणि कोवळ्या पानांची एक मोठी जुडी हळूच माझ्या हातात दिली. "ही जास्तीची ठेवा त्याच्या टोपलीत. मी दिली म्हणून सांगू नका."

"ऐकलं मी!" भिंतीपलीकडून आवाज आला.