सुई कुणावर उसळते?

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या लाकडी जमिनीच्या खोलीत शेजारपाजारची मंडळी भिंतीला पाठ लावून दाटीवाटीने बसली होती. भरदुपारी पडदे ओढले होते आणि मधोमध टेबलावर घरच्या कर्त्या माणसाचा जुना रेकॉर्ड प्लेअर फिरत होता. तो माणूस जाऊन महिना होत आला होता. तरी आज तो आपला मारेकरी दाखवणार, असं आत्म्यांशी बोलणाऱ्या नादबाबांनी जाहीर केलं होतं.

"आत्म्याला जीभ नसते," बाबा डोळे मिटून म्हणाले. "त्याला असतो कंप! कंपातून नाद, नादातून न्याय! विज्ञानही हेच सांगतं, फक्त जरा उशिरा सांगतं."

विज्ञानाने हे कधी आणि कुणाच्या कानात सांगितलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

सासूबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. त्या यंत्राकडे त्या एकटक बघत होत्या. ह्यांचा जीव त्यात गुंतलेला. सुई पेलणारी ती दांडी, टोनआर्म, फार जुनी आणि काडीसारखी हलकी. तिला शोभेलशी सुईची डबी, म्हणजे कार्ट्रिज, मिळावी म्हणून ह्यांनी वर्षानुवर्षं दुकानं पालथी घातली होती. ती जोडी जमल्यावर मात्र घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक. ते गेल्यावरही घरच्यांनी तो पाळला. मोडला तो बाबांनी. आत्मा उडून जाऊ नये म्हणून त्यांनी दांडीच्या टोकावर शिशाची अंगठी चढवली आणि मागचं वजन जरा फिरवलं. तेव्हापासून बाबांचा मुक्कामही त्याच खोलीत होता.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे किती दिवस राहणार?" असं सुनेने एकदा सरळ विचारलं होतं. त्यानंतर आठवडाभरातच आत्म्याचा संशय सुनेवर गेला. शेवटचं औषध तिने दिलं होतं, घरात तेव्हा ती एकटीच होती. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डॉक्टरांचं ऐकतो कोण!

परीक्षा सुरू झाली. एकेकाला बाबा हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेने, हलक्या पावलांनी यंत्रापाशी आणत. गाणं संथ चालू राही आणि माणूस निर्दोष सुटे.

"तू मात्र सरळ मधून ये," बाबा सुनेला म्हणाले. "पाप आडवाटेने लपतं. त्याला सरळ चालवावं लागतं."

ती निघाली. दोन पावलं पडली आणि सुई उसळली, तबकडीवरून खर्रकन घसरली. गाणाऱ्या बाईचा आवाज मध्येच तुटला. याआधीच्या दोन बैठकांतही असंच झालं होतं.

"काढा बाहेर तिला!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. सासूबाई उठल्या. "आत्ताच्या आत्ता नीघ," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बघायचं नाही मला."

"थांब गं वहिनी," दारापाशी खुर्चीत बसलेल्या वन्सं म्हणाल्या. मयताची ही धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका, आजारपणामुळे आज पहिल्यांदाच येऊ शकली होती. "आरोपीला तीनदा तपासलंत. आता साक्षीदाराला तपासू."

"हात लावू नका! भस्म व्हाल!" त्या यंत्रापाशी पोचताच बाबा गरजले.

"आयुष्यभर आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलंय मी. भस्म व्हायचं आता काही शिल्लक नाही."

त्यांनी अंगठी काढली, मागचं वजन पूर्ववत केलं आणि सुई पुन्हा तबकडीवर ठेवली. "दादा फोनवर याच्यावरून तासन्‌तास माझं डोकं खायचा. चल गं सूनबाई, मधूनच चाल."

ती चालली. गाणं तसूभरही हललं नाही.

"आत्मा रागावून गेला!" बाबा ओरडले.

"अंगठी काढली की जातो? मग घालू या परत." वन्संनी ती चढवली, वजन पुन्हा बाबांसारखं फिरवलं. "वहिनी, आता तू ये. मधून."

सासूबाई निघाल्या आणि सुई उसळली. तोच खर्रर्र आवाज. त्या जागच्या जागी थबकल्या. 'हे माझ्यावर रागावलेत,' क्षणभर त्यांना अगदी खरंच वाटलं. औषध आणायला उशीर तर मीच केला होता, हेही लगेच आठवलं.

"घाबरलीस ना?" वन्सं मऊपणे म्हणाल्या. "ही पोर कित्येक दिवस असंच घाबरतेय."

त्यांनी रबरबँडला किल्ली अडकवली. ती बारीक, भराभर थरथरली. मग किल्ल्यांचा अख्खा जुडगा अडकवला, तेव्हा तो संथ हेलकावे खाऊ लागला. त्याच तालात बोट जरासं हलवताच जुडगा वरखाली उसळला. "दादाची दांडी हलकी, म्हणून त्याने तिला मऊ स्प्रिंगची सुई लावली. बाबांनी त्या मऊ स्प्रिंगवर शिसं लादलं, आता ती संथ डोलते. मधल्या फळ्याही पावलागणिक तशाच संथ लवतात. ताल जुळला की सुई उडणारच. कडेच्या फळ्या भिंतीत घट्ट बसल्यात, म्हणून कडेने आलेले सगळे पुण्यवान!"

बाबा चपला शोधू लागले.

"काढा बाहेर त्याला!" मागचाच आवाज पुन्हा ओरडला, तितक्याच जोरात. माणसं उठली, मुठी वळल्या. वन्संना बाबांच्या आडवं उभं राहावं लागलं. "हात उगारायचा नाही. पोलिसांना बोलवा, ते बघतील."

खोली रिकामी झाल्यावर सून सासूबाईंसमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"आई, आज आत्या आल्या नसत्या तर?"

सासूबाई सुनेचा हात धरायला पुढे झाल्या. सुनेने तो मागे घेतला.

वाचकहो, या प्रश्नाला त्या घरात अजून उत्तर सापडलेलं नाही. दर घरी वेळेवर पोचणारी आत्या नसते. पण ज्या वाटेने दुसऱ्याला दोषी ठरवलं, त्या वाटेने आधी आपण एकदा चालून बघायला काही पदवी लागत नाही. तेवढं करा, आणि ते माणूस उंबऱ्याबाहेर जाण्याआधी करा.