दूधवाल्यानं भरून दिलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मोजनळी आहे. बोटाएवढी जाड, वीतभर उंच, आणि अंगावर खालपासून वरपर्यंत कोरलेल्या बारीक रेषा. माझी गोष्ट लहानांच्या कानावर घालण्याजोगी नाही. लग्न झालेल्यांनी आणि होऊ घातलेल्यांनी मात्र जरा जवळ सरकून बसावं, कारण मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. जिथं माझं आयुष्य गेलं तिथं सगळेच हळू बोलत.

भट्टीतल्या लालबुंद काचेतून माझा जन्म झाला. रेषा कोरणाऱ्या कारागिरानं मला उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाला, "हिचं माप चुकायचं नाही." मी तेव्हा फार फुशारले होते. पुढे मी आले ती मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या दवाखान्यात, आणि माझ्या वाट्याला काम आलं वीर्य मोजण्याचं. सुरुवातीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काम हे काम असतं. हळूहळू माझी भीड चेपली.

पुरुष बाजूच्या बंद खोलीत जाऊन कपात नमुना देत आणि खिडकीतून तो ताईंच्या हाती ठेवत. ताई म्हणजे आमच्या तपासनीस बाई. थोड्या वेळानं नमुना पातळ झाला की त्या तो माझ्यात ओतत. दीड मिलिलिटरची, म्हणजे निदान एवढं तरी हवं अशी रेष माझ्या अंगावर अगदी खाली आहे. नमुना तिच्याही खाली राहिला की माझा जीव टांगणीला लागे. कमी भरलं म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नसतं. कुणी नमुन्याआधी बायकोपासून दूर राहायचे सांगितलेले दिवस पाळलेले नसतात. कुणाचा पहिला भाग कपाबाहेर सांडतो, आणि नेमके त्यातच शुक्राणू जास्त असतात. कुणाच्या आतल्या वाटेत अडथळा असतो, कुणाला एखाद्या गोळीचा परिणाम भोवतो. पण कारण सापडायचं तर माणसानं खरं सांगायला हवं. खिडकीशी आलेला पुरुष मात्र कप ठेवतो आणि पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा पळतो.

असाच एक दूधवाला आला. उंचापुरा, दंड कसलेले, सकाळची घरं उरकून थेट इकडेच आलेला. त्याच्या बायकोला मी आधीपासून ओळखत होते. बिचारीनं कितीतरी तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळ्या चांगल्या आल्या, तरी घरी बोल तिलाच लागत. रक्त देताना एकदा ती ताईंना म्हणाली होती, "सासूबाई म्हणतात, थोडे दिवस माहेरी जाऊन राहा. थोडे दिवस म्हणजे किती, ते काही सांगत नाहीत." नवरा इतके दिवस तपासणीला यायचं नाव काढत नव्हता. अखेर डॉक्टरांनीच त्याला बोलावून घेतलं.

तो खोलीत बराच वेळ होता. मधेच नळ सुटल्याचा आवाज आला. हात धूत असेल, असं मी मनाला समजावलं. मग कप आला आणि ताईंनी तो माझ्यात रिकामा केला. बघता बघता मी साडेतीनच्या रेषेपर्यंत भरले. माप उत्तम होतं, पण मला काही ते रुचेना. इतकं पातळ, इतकं सरसर उतरणारं वीर्य माझ्या काचेनं कधी अनुभवलं नव्हतं. ताईंनी थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकही शुक्राणू हलत नव्हता.

डॉक्टरांची खोली शेजारीच, दार नेहमी अर्धवट उघडं. डॉक्टर पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या. नवराबायकोला समोर बसवून निकाल सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "एका तपासणीवरून मी काही ठरवत नाही. पुन्हा नमुना द्या."

"नाही देणार," दूधवाला म्हणाला. "मेलेत ना सगळे? मग झालं. हिला माहेरी जायचं तर जाऊ दे. मी अडवणार नाही."

हा माणूस आता उठून गेला तर पुन्हा फिरकणार नाही, आणि त्याच्या न फिरकण्याची शिक्षा ती भोगणार. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण काचेला कुठून आवाज असणार?

तेवढ्यात ताई आत गेल्या. "डॉक्टर, शेपट्या गुंडाळल्यात आणि फुगल्यात. पाण्यात पडल्यासारखं दिसतंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कपात पाणी गेलं होतं का हो?"

त्याच्याआधी बायकोच बोलली, आणि तीही ठसक्यात. "डॉक्टर, काय विचारता हे? अख्ख्या गल्लीला विचारा. यांनी आजवर दुधात पाण्याचा थेंब घातलेला नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, तरी घातला नाही."

मग दूधवाल्याचा आवाज आला, आणि तो इतका बारीक होता की मी अंग आखडून ऐकलं.

"दुधात नाही घातला. यात घातला."

"का?"

"कप जवळजवळ रिकामाच होता, डॉक्टर. पहिल्यापासून असंच आहे माझं. जन्म गेला माप भरून देण्यात. कमी माप कुणाच्या हातात द्यायचं म्हणजे मेल्याहून वाईट वाटतं. वाटलं, थोडं वाढवलं तर काय बिघडतंय."

"पाण्यानं ते मरतात," डॉक्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "जिवंत होते की नव्हते, ते आता मला कळायला मार्गच नाही."

बायकोनं पदराच्या टोकाला पीळ घातला आणि सोडला. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मला सांगायचं होतंत ना. इतकी वर्षं मी सुया टोचून घेतेय."

दूधवाल्यानं मान खाली घालूनच डॉक्टरांना विचारलं, "पुन्हा कधी येऊ?"

सांगितलेले दिवस पाळून तो पुन्हा आला. या वेळी बायको बाकावर नव्हती, खोलीच्या दाराशीच उभी होती. आतून नळाचा आवाज आला आणि माझ्या काचेवर काटा आला. दार उघडलं. दूधवाल्याचे हात ओले होते. त्यानं कप ताईंच्या हाती दिला, आणि खिडकीपासून पळाला नाही.

"हात धुतले फक्त," तो म्हणाला. "थोडंच आहे, ताई. पण निर्भेळ आहे."

ताईंनी ओतलं. अर्ध्या मिलिलिटरलाही पोचलं नाही. माझ्या तळाशी जेमतेम ओल होती, आणि ती ओल सांभाळताना मला जेवढी धास्ती वाटली तेवढी भरलेल्या मापाची कधी वाटली नव्हती. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. किती वेळ वर बघेनात. मग म्हणाल्या, "मोजकेच आहेत. हलताहेत."

डॉक्टरांनी त्याला लगेच लघवी तपासायला द्यायला लावली. शुक्राणू तिथं ढिगानं सापडले. त्याला जुना मधुमेह होता, गोळ्या मनाला येईल तेव्हा घ्यायचा. त्यामुळे मूत्राशयाचं तोंड ऐनवेळी मिटत नव्हतं आणि वीर्य बाहेर यायचं सोडून मागे फिरत होतं.

"म्हणजे माझ्यात नव्हतंच असं नाही?" त्यानं विचारलं.

"होतं. वाट चुकत होतं. साखर ताब्यात आणा, औषध देते. तेवढ्यानं भागलं नाही तर लघवीतूनही शुक्राणू वेगळे काढता येतात. मूल होईलच असं वचन मी देत नाही. पण प्रयत्न करण्याजोगं नक्की आहे."

जाताना बायको म्हणाली, "घरी गेल्यावर सासूबाईंना कोण सांगणार?"

"मी सांगतो," तो म्हणाला. दारापाशी जरा थांबला आणि पुढे म्हणाला, "तू नुसती बाजूला उभी राहा."

त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. त्यानंतर थोड्याच काळात नमुने काट्यावर तोलायची पद्धत आली. कप तोलला की माप कळतं, मग मला कोण विचारतो? आता मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून असते. ताई माझ्यात कापसाचे बोळे खोचून ठेवतात. कुणी मला धूत नाही, माझ्या रेषा धुळीनं पुसट होत चालल्यात. त्याचं फारसं दुःख नाही. काळजी वाटते ती समोरच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्यांची.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या त्या बाकावर बसेल. कप रिकामा वाटला तरी आहे तसाच आणून द्या. काही सांडलं असेल तर सांडलं म्हणून सांगा, कुठल्या गोळ्या घेता, कुठल्या टाळता, तेही सांगा. कमी मापाला कारण असतं आणि पुष्कळदा उपायही असतो. आणि डॉक्टरांना सांगायच्या आधी ते घरी सांगा. तुम्ही गप्प राहता तेवढे दिवस कुणीतरी तुमच्या वाटच्या सुया टोचून घेत असतं.