मॉरिसची नवी टाकी

आमच्या आबांची मॉरिस गाडी तिसगावला पोहोचली नाही.

हे वाक्य इथं यायला नको होतं. तुम्ही ते वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. गाडी तिसगावला पोहोचणार आहे. आमच्या गावात, कोल्हारात, आम्ही सगळे हेच धरून चाललो होतो आणि वाचकाला घरच्या माणसांपेक्षा जास्त माहिती असणं बरं दिसत नाही.

आबा म्हणजे माझे चुलते, आबासाहेब. गाडी त्यांच्या वडिलांनी नगरच्या एका निवृत्त इंजिनियराकडून घेतली होती. ते माझेही आजोबा, पण गाडीच्या बाबतीत आबा वारसाची चर्चा होऊ देत नाहीत. लग्नाआधी आबा याच गाडीतून तिसगावला मुलगी बघायला गेले. तिसगाव पाथर्डीकडचं, कोरडं ठक्क. तिथं नवऱ्यामुलाकडं कुणी बघितलंच नाही. अख्खं गाव गाडीभोवती उभं होतं. मुलगी द्यायचं ठरलं तेव्हा, मुलाला एक डोळा आहे की दोन, हे सासऱ्यांना सांगता आलं नसतं.

पाठवणीच्या वेळी काकूंची आई दगडाबाई खिडकीत वाकून म्हणाली, "चांगुणे, परत येशील ती ह्याच गाडीतनं ये. मी दारात बसून वाट बघन."

चांगुणाकाकू त्यानंतर माहेरी बैलगाडीतून गेल्या, ट्रकमधून गेल्या, एसटी सुरू झाल्यावर एसटीनं गेल्या. मॉरिसमधून कधीच नाही. एकदा टायर नव्हते, एकदा पेट्रोल नव्हतं, एकदा आबांची इच्छा नव्हती. मग पेट्रोलची टाकी गंजून तिची चाळण झाली आणि आबांना कायमचं कारण मिळालं. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. इंजिन ठणठणीत होतं. आबा दर अमावस्येला त्याला नारळ फोडायचे आणि खोबरं आम्ही खायचो.

बहात्तरच्या दिवाळीनंतर काकूंचे भाऊ पुंजाराममामा आले. दुष्काळ होता, त्यामुळे ते फराळाला आले नसणार हे सगळ्यांना कळलं.

"आईला काचबिंदू झालाय," मामा म्हणाले. "नगरच्या डाक्टरनी बघितलं. एक डोळा गेला. दुसरा संक्रांतीपत्तोर टिकंल म्हनले. ही नजर गेली का परत येत न्हाई."

"मग?" आबांनी विचारलं.

"मग काय. दिवसभर दारात बसती. म्हनती, चांगुणीची गाडी येवढी येऊ दे, मग डोळं गेलं तरी चालतील."

आबांनी थोडा विचार केला. "मी काय म्हनतो, त्यांनाच हिकडं आना की. गाडी हितंच हाय. हात लावून बघतील."

 लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. काकूंना मूलबाळ नाही. त्यामुळे दगडाबाईनं आमचा उंबरा आजवर बघितलेला नाही. आबांना हे माहीत होतं, पण तोंड उघडल्यावर आठवलं.

काकू चुलीपुढून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "टाकी करा."

काकूंनी आबांना हुकूम सोडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. आबाही पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून ते उठले.

आम्ही आधी नगरला गेलो. भंगारवाल्यानं विचारलं, "कंची गाडी?"

"मॉरिस. छत्तीस सालची."

"छत्तीस सालचा मानूस मिळंल. टाकी न्हाई मिळायची."

दुसऱ्यानं मिलिटरीच्या लिलावातली टाकी दाखवली. ती बसवायची तर मागची सीट काढावी लागली असती आणि काकूंना टाकीवर बसावं लागलं असतं. मग पुण्याचा जुना बाजार. तिथं आमच्यासारख्याच गाडीची टाकी शोधत सातारचे एक वकील दोन वर्षं फिरत होते. आबांची आणि त्यांची गाठ पडली. दोघांनी एकमेकांना अगदी कडकडून मिठी मारली आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की समोरच्याकडेही टाकी नाही.

मधल्या काळात आबांनी एक शक्कल काढली. पेट्रोलचा डबा टपाला टांगायचा आणि रबरी नळीनं पेट्रोल थेट इंजिनात सोडायचं. इंजिन खरंच सुरू झालं. नळीही खरंच गळली. पेट्रोल आबांच्या धोतरावर ठिबकत होतं आणि आबांच्या तोंडात बिडी होती.

काकूंनी लांबूनच सांगितलं, "आईला मला बघायचंय. माझी राख न्हाई बघायची."

तेव्हा टाकी करून घ्यायचं ठरलं. राहात्याला गोरक्षनाथ नावाचा पत्र्याचं काम करणारा आहे. बंब, चरव्या, धान्याच्या कोठ्या असं सगळं तो करतो. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात त्याची एक तरी कोठी असते. आबांनी जुनी टाकी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उजेडाकडे धरली. तिच्यातून त्याला अख्खं राहाता दिसलं.

"ह्याच्या आत आडवे पडदे हाईत," आबा म्हणाले. "पेट्रोल हिंदकळू नये म्हनून. तसंच्या तसं पायजे."

"पडदे देतो. कोठीलाबी देऊ का आता असं वाटाया लागलंय."

टाकी झाली. तीन आडवे पडदे, कडेनं कथलाची सुरेख झाळ, वर तोंड, खाली नळीसाठी भोक. पाणी भरून बघितलं, एक थेंब गळाला नाही. उन्हात वाळवली. आबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि निघाले.

"थांबा की," गोरक्षनाथ म्हणाला. "रिकामी कुठं नेता?"

आमच्याकडे नवं भांडं रिकामं घराबाहेर जात नाही आणि रिकामं घरात येत नाही. आत मूठभर धान्य घालायचं, म्हणजे त्या घरात कधी कमी पडत नाही. कोठी असो, कळशी असो. गोरक्षनाथानं आजवर एकही वस्तू मोकळी दिली नव्हती. त्यानं टाकीच्या तोंडातून मूठभर बाजरी आत सोडली. आबा आणि मी हात जोडून उभे होतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असतं तर आम्ही कोल्हारचे नसतो.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी टाकीला हळदकुंकू लावलं आणि पदरातून बाजरीची मूठ काढून आत घातली. त्या वर्षी रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळत होती. घरची बाजरी पाहुणा आला तरच बाहेर निघायची. शेजारच्या भागूबाई आल्या, त्यांनी मूठ घातली. कडूबाई आल्या. त्यांच्याकडे बाजरी नव्हती, म्हणून उसनी घेऊन घातली. दुष्काळात भांडं रिकामं राहण्याची धास्ती नेहमीपेक्षा जास्त असते.

मग आबांनी टाकी उलटी केली, बडवली, बाजरी सुपात पडली.

"आली का समदी?" काकूंनी विचारलं.

"आली," आबा म्हणाले.

आली होती ती पहिल्या पडद्याच्या अलीकडची.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी बसवली. पेट्रोल भरलं. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मागच्या सीटवर बसल्या. मी पुढं. आबांनी हँडल मारलं, गाडी सुरू झाली. गाव रस्त्यावर आलं. आबांनी भोंगा वाजवला आणि आम्ही नगरच्या दिशेनं निघालो. काकूंनी मान वळवून कुणाकडेच बघितलं नाही. त्या मनानं तिसगावच्या वेशीत पोहोचल्या होत्या.

गाडी गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेली आणि ठसकली.

आबांनी नळी काढून फुंकली. बाजरीचा एक दाणा उडाला. गाडी सुरू झाली. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा ठसकली. दुसरा दाणा. मग तिसरा. दाणे एका वेळी एकच येत होते, अगदी रांगेत. दुकानापुढं रेशनला इतकी शिस्त मी कधी बघितली नाही.

"आता किती असतील?" मी विचारलं.

"तुझ्या काकूची मूठ बारीक हाय," आबा म्हणाले. "गोरक्ष्याचा पंजा मोठा हाय."

"भागूबाईंची राहिली."

"तू गप बस."

काकू मागून म्हणाल्या, "माझीबी मूठ हाय व्हय त्यात?"

आबांनी नळी आणखी जोरात फुंकली. पुढच्या दाण्याला नळीच तुटली. दोन बैल आणून गाडी परत नेली. बैल नको म्हणत होते, पण त्यांचं कोण ऐकतं.

टाकी काढून राहात्याला नेली. गोरक्षनाथानं तोंडाशी नाक नेलं आणि मागं सरकला. "पेट्रोल प्यालेल्या टाकीला मी आग दाखवनार न्हाई. माझी बायकापोरं हाईत. पान्यानं काठोकाठ भरून ठेवा. वास पुरता गेला का आना, मग झाळ सोडवून खोलतो."

गावात पाणी टँकरनं येत होतं. काकूंनी आपल्या वाटणीच्या घागरी टाकीत ओतल्या. अंघोळीचं मग बघू म्हणाल्या. टाकी पडवीत ठेवली. काकू रोज सकाळी वाकून तिचा वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या.

एक दिवस त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

टाकीच्या तोंडातून हिरवा कोंब वर आला होता.

त्या वर्षी कोल्हारच्या शिवारात पेरलेलं काही उगवलं नव्हतं. ऊस वाळून चिपाडं झाली होती, कालव्यात पोरं गोट्या खेळत होती. आणि आमच्या टाकीत पेट्रोल पिऊन बाजरी आली होती. लोक बघायला आले तोवर एकाचे चार कोंब झाले होते. मच्छिंद्र तलाठीही आला. त्यानं कोंबांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आबासाहेब, हे झाका."

"का?"

"गावाची आणेवारी शून्य लावलीय मी. वरनं साहेब आला आन् त्यानं हिरवं पीक बघितलं तर? दुष्काळाच्या यादीतनं नाव जाईल गावाचं. टँकर बंद, खडीची कामं बंद."

"अरं, चार कोंब हाईत."

"क्षेत्राच्या मानानं बघा की," तलाठी म्हणाला. "एवढ्या जागेत चार, मंजी एकरी किती झालं?"

आबांनी टाकीवर गोणपाट टाकलं. गोणपाटाखाली बाजरी आणखी जोरात फुगली. संध्याकाळी पडवीतून कडकड आवाज आला. तिन्ही पडद्यांमागं अडकलेले दाणे पाणी पिऊन टम्म झाले होते. त्यांनी झाळ उकलली, पत्रा फाकवला आणि गोरक्षनाथाची सुरेख टाकी उलून डाळिंबासारखी उघडी पडली. ज्या कामाला गोरक्षनाथ घाबरला, ते बाजरीनं आग न लावता केलं.

गोरक्षनाथ म्हणाला, "दुसरी करून देतो. पत्रा आना."

पत्रा परमिटवर मिळत होता. परमिट तहसीलात मिळत होतं. तहसीलातले सगळे कारकून दुष्काळाच्या कामावर गेले होते. जो एक मागं राहिला होता त्यानं विचारलं, "पत्रा कशाला पाहिजे?" आबा म्हणाले, "सासूबाईंना दिसावं म्हनून." त्यानं अर्ज आरोग्य खात्याकडे पाठवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुंजाराममामा पुन्हा आले. ओसरीवर बसले. पाणी प्यायले.

"आता निस्ता उजेड कळतो," ते म्हणाले. "मानूस दारात आला का सावली हलल्यागत दिसतं म्हनती. अक्का, यष्टीनं चल. मी सांगन आईला, गाडी वेशीत लावलीय म्हनून."

"आन् ती म्हनली, वेशीत ने मला, तर?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

काकू आत गेल्या. परत आल्या तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. त्या एसटीच्या थांब्याकडे गेल्या नाहीत. गोठ्याकडे गेल्या, मॉरिसचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसल्या. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामा टोपीकडे बघत होते. मग आबा स्टिअरिंगवर बसले, ब्रेक सोडला आणि मी आणि मामांनी मागून लावला जोर.

आमच्या घरापासून प्रवरेच्या पुलापर्यंत उतार आहे. गाडी हळूहळू निघाली, मग आपली आपण चालायला लागली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. मी आणि मामा मागं पळत होतो. काकूंचा पदर खिडकीतून बाहेर आला होता. त्यांचा एक हात पुढच्या सीटवर होता, घट्ट. पुलाशी सपाटी आली आणि गाडी थांबली.

काकू उतरल्या नाहीत. समोर बघत बसल्या.

"थांबली व्हय?" त्यांनी विचारलं.

"उतार संपला," आबा म्हणाले.

"तिसगावपत्तोर उतारच असता तर?"

आबांनी पुलापलीकडचा रस्ता नजरेनं मोजला. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो, पण आम्हाला उतार शिकवत नव्हते. आम्ही गाडी ढकलून वर आणली. काकू आतच बसून होत्या, त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. घरी आल्यावर आबांनी मला दौत-टाक घेऊन बसवलं आणि अर्ज सांगायला सुरुवात केली. ते हसत नव्हते. मीही हसलो नाही. आपलं अक्षर चांगलं काढलं.

मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम खाते, यांचे सेवेशी. अर्जदार आबासाहेब, राहणार कोल्हार, विनंतीपूर्वक अर्ज करतो ऐसा जे. जिल्ह्यात दुष्काळी कामांतून रस्ते करणे सध्या चालूच आहे व मजूरही मुबलक आहेत. तरी त्याच मंजुरीत कोल्हार ते तिसगाव हा रस्ता नगरमार्गे सलग उताराचा करून मिळावा. मध्ये कोठेही सपाटी ठेवू नये. परतीच्या चढाबद्दल अर्जदार सरकारकडे कोणतीही तक्रार करणार नाही. श्रीमती दगडाबाई यांना अद्याप उजेड कळतो, सबब सदर काम त्या अवधीत पुरे करण्याची मेहेरबानी व्हावी.