गोलाबाहेरचा तांदूळ

चारुशीलाने घरभर कागदांवर गोल काढून ठेवले होते. हिंगण्याच्या कारखान्यात लिफ्टची बटणं कशी चालावीत हे ठरवायचं तिचं काम. गोल म्हणजे लिफ्टची एकेक अवस्था, बाण म्हणजे दाबलेलं बटण. माणूस कोणत्याही गोलात सापडला तरी बाहेर पडायला बाण आहे, हे ती गणितासारखं सिद्ध करत होती. तेही लिफ्ट उभी राहण्याआधी.

"सैपाक न करता चव सांगून राहिली," रुखमाबाई म्हणाल्या. सुनेची नोकरी त्यांना पहिल्यापासून खुपत होती. तीच लिफ्ट सीताबर्डीवरच्या आपल्या कापडाच्या दुकानात बसणार म्हटल्यावर त्यांनी चार पाहुण्यांत बोलून टाकलं, "अटकली तर दुसऱ्या दिवशी नोकरी बंद. नाही अटकली, तर तुह्या नोकरीबद्दल मी तोंड उघडणार नाही." रुखमाबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. चारुशीलाने मान हलवली. दुसरं काय करणार?

नवं यंत्र पुजल्याशिवाय त्यांच्याकडे कोणी हात लावत नसे. रुखमाबाईंनी बटणाबटणाला ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता अंगठ्याने चांगल्या चेपून बसवल्या. मुलगा चंपतराव नारळ घेऊन खाली थांबला आणि सासू-सून वर निघाल्या.

दोन मजल्यांच्या मध्ये रुखमाबाईंनी लाल बटण दाबलं. "पाहू, माह्यं ऐकते का."

लिफ्ट थांबली.

"आता वरचं दाबा, आई."

वरचं दाबलं. खालचं दाबलं. दाराचं दाबलं. काहीच हलेना. जाळीपुढे नुसती भिंत, आणि उदबत्तीचा धूर पत्र्याच्या डब्यात कोंडलेला.

"लाल दाबलं, सोडलं, मग वरचं..." चारुशीला हवेत बोटाने बाण काढू लागली. "वाट आहे, आई. प्रत्येक गोलातून आहे."

"गोलातून असंल. आपण डब्यात आहो."

खालून चंपतरावाची हाक आली, "आई, काहून वेळ लागून राहिला वं?"

चारुशीलाचा चेहरा उतरला. "घंटी वाजवते. माझंच चुकलं कुठंतरी."

घंटी वाजली की दुकानभर कळणार आणि उद्यापासून सून घरात. रुखमाबाईंना हवं होतं ते हेच. तेवढ्यात त्यांची नजर लाल बटणावर गेली. बाकीची वर आलेली, हे आतच रुतलेलं. कडेला पिवळ्या तांदळाचं टोक. अंगठा कोणाचा, हे विचारायला नको होतं.

गप्प राहणं सोपं होतं. बोलावं तर आपलीच पूजा आडवी आलेली. त्यांना स्वतःसाठीही बाहेर पडायचं एखादं बटण दिसेना.

"थांब वं." त्यांनी घंटीकडे गेलेलं सुनेचं मनगट धरलं, आपल्या बांगडीतली पिन काढून तांदूळ टोकरला. बटण टक्कन वर आलं.

"हा कोणत्या गोलात लिहला होता?"

चारुशीलाने तो दाणा बोटावर घेतला. "दाबलेलं बटण वर येतंच, असं धरून चालले होते मी."

लिफ्ट खाली येऊन दार उघडताच चंपतरावाने विचारलं, "अटकली होती का?"

"मी थांबवली होती," रुखमाबाई म्हणाल्या. "नारळ फोड."

संध्याकाळी कागदावर एक गोल वाढला: वर न आलेलं बटण. त्यापायी सगळे बाण नव्याने तपासायचे होते; कागद पार पाटापर्यंत आले. रुखमाबाईंच्या जिभेवर एक झणझणीत वाक्य येऊन बसलं होतं. पण शब्द दिला होता. त्या कागद ओलांडत पाटाकडे गेल्या आणि मुकाट्याने जेवल्या.