हिल्याच्या घोट्यातला स्क्रू

मी एक झिजत चाललेला स्क्रू आहे, मित्रांनो. लोखंडाचा स्क्रू गंजतो, मी विरघळतो. ती माझी खोड नव्हे, माझं कामच ते. हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग गुपचूप नाहीसं व्हायचं. सध्या फार थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात, ताम्पेरे शहरातल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला भिंगाखाली पाहिलं, 'छान उतरलाय' म्हटलं आणि पाकिटात बंद केलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग घरातून तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर हिल्या नावाची म्हातारी बर्फावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या हाडात बसवलं आणि बजावलं, की सहा आठवडे हा पाय टेकायचा नाही. मला काढायला पुन्हा चिरफाड लागत नाही हे खरं, पण माझी ताकद दिवसेंदिवस आटते. हाड जुळण्याआधी मी ढेपाळलो तर घोटा कायमचा वाकडा. तिची मुलगी तुइरे सांगूनच गेली होती, की पायऱ्या उतरता येणार नसतील तर हे घर विकून शहरात यायचं. हिल्याला ते मरणाहून वाईट वाटे.

आता या लोकांची एक गोष्ट. शनिवारी साउना, म्हणजे वाफेने न्हायची लाकडी खोली, तापला नाही, असं इथे होत नाही. घरात सुतक असलं तरी तापतो. टाके निघाल्याबरोबर हिल्याने हट्ट धरला आणि तिचा नवरा ओइवा, दिवसाला चार शब्द बोलणारा, निमूटपणे भट्टी पेटवायला गेला. साउनात पायात काही घालून कोण जातं? तिने आधाराचा बूट काढला. ओल्या फळ्यांवर घसरतात म्हणून कुबड्याही दाराशी ठेवल्या आणि तापल्या दगडांवर पाणी टाकायला सरळ त्या पायावर उभी राहिली.

सगळं वजन माझ्यावर आलं, मित्रांनो. अंगात बारीक तडा गेला. कसाबसा धरून राहिलो.

"दुखलं?" ओइवाने विचारलं.

"छे. वाफ जास्त झाली, एवढंच."

पण ती त्याचा खांदा धरूनच खाली बसली.

पुढच्या शनिवारी साउनाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. हिल्याने बराच वेळ वाट पाहिली, मग टोमणा मारला, "लाकडं संपली, की माणूस?"

"तुझा पाय टेकेल तेव्हा पेटवीन."

"अरे, मग तू तरी जा. तुझ्या पायाला काय धाड भरलीय?"

"एकट्याला नको वाटतं," ओइवा म्हणाला आणि कॉफी पीत बसला.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरातला साउना शनिवारी थंड राहिला. पुढचे शनिवारही तसेच गेले. घरी कोणी आजारी आहे का, असं शेजारी विचारून गेले. ओइवा बादलीतल्या पाण्याने अंग धुई आणि कुरकुर करत नसे. ते पाहून हिल्यानेही कुबड्या सोडल्या नाहीत.

मी मात्र मऊ होत गेलो. माझे आटे बोथट झाले, पकड सैल झाली. रोज वाटे, आज आपण सुटणार.

मित्रांनो, तुम्हालाही कोणीतरी न दिसता धरून ठेवलेलं असेल. त्याच्यावर एकदम भार टाकू नका. त्याची ताकद किती उरली आहे, हे तो सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, त्या शनिवारी ओइवाने भट्टी पेटवली. साउनाकडे जायला तो पायऱ्या पुढे उतरू लागला, मुद्दाम हळू. मागून हिल्याने पहिल्या पायरीवर तो पाय टेकला. मी उरलंसुरलं बळ गोळा करून वजनाची वाट पाहिली.

ते माझ्यापर्यंत आलंच नाही. हाडाने ते मधेच झेललं होतं.