फळ्यावरची चुकीची वाक्यं

दुसरीच्या नव्या बाईंनी सकाळी फळ्यावर मुद्दाम चुकीची वाक्यं लिहिली होती. ‘मुलं शाळेत जातो’, ‘चार चिमणी उडाली’. मुलांनी ती तोंडी दुरुस्त करायची होती. पण फळ्यावर दिसेल ते वहीत उतरवायचं, हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं! बाईंना ते कळेपर्यंत शिपाईकाका वह्या मोठ्या बाईंकडे घेऊन गेले. आज त्याच वह्या पाहून, वर्ग नव्या बाईंकडे ठेवायचा की नाही, हे ठरणार होतं.

बाईंना एका जागी बसवेना. दारापर्यंत जात, खिडकीशी परत येत. देवा, करायला गेले एक! शेवटी वाटलं, माझ्या चुकीपायी लेकरांच्या वह्या कशाला लाल व्हाव्यात? त्या तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या.

“या! अख्खा वर्ग एका सुरात चुकलाय,” मोठ्या बाई लाल पेन उघडत म्हणाल्या. “तालीम कुणाची?”

“माझीच. ती वाक्यं दुरुस्तीसाठी लिहिली होती, पण उतरवू नका म्हणायचं राहिलं. मुलांना नको, मला बोला.”

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मग न्या वह्या. लाल पेन्सिली त्यांच्याच हातात द्या. मी मागच्या बाकावर बसते. पोरांनी चुका धरल्या, तर वर्ग तुमचा.”

बाई वर्गात वह्या आणि लाल पेन्सिली वाटू लागल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरची चिमुरडी ओरडली, “बाई, हे तर तुम्हीच चुकवलंय!”

आणि सगळा वर्ग पेन्सिली घेऊन बाईंच्या चुकांवर तुटून पडला.